वडापावाच्या वतीने, कळंगुटच्या आमदारांस

श्री. मायकल लोबो,
आमदार, कळंगुट यांस

लोबोसाहेब,

2025 चा फेब्रुवारी संपता संपता आपण पत्रकारांसमोर बसलात आणि गोव्यातले परदेशी पाहुणे का आटले, याची कारणं सांगितलीत. रशिया-युक्रेन युद्धाचं नाव घेतलंत, टॅक्सीच्या भांडणाचं घेतलंत आणि मग वडापावाचं. बेंगळुरूहून आलेले धंदेवाले किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वडापाव विकतात, कुणी इडली-सांबार विकतात, म्हणून परदेशी फिरकेनासा झाला, असा बोलण्याचा रोख होता. मग देशभर जे हसू व्हायचं ते झालं. इकडे सावंतवाडीत तर वडापावाच्या गाडीवर काही दिवस दुसरा विषय नव्हता.

त्या हशात आपलं एक वाक्य वाहून गेलं. दोष गोंयकारांचाही आहे, आपल्याला मिळालेले शॅक त्यांनीच बाहेरच्यांना भाड्याने दिले, असंही आपण म्हणाला होतात. त्या दिवशीचं सगळ्यांत मोलाचं बोलणं तेच होतं. त्याकडे मी येणारच आहे. आधी वडापावाचं वकीलपत्र घेतलंय ते निभावतो.

आरोपीच्या अंगात काय आहे? बटाटा, मिरची आणि पाव. बटाटा आणि मिरची पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली, आणि पाव भाजायची विद्या गोव्याच्या पोदेरांनी मुंबईत नेली. म्हणजे माहेर बरंचसं तुमच्याकडचंच. पणजीत कॅफे भोसलेत किंवा कॅफे ताटोत सकाळी पातळ भाजी आणि पाव मागवणाऱ्याला बटाटेवडा काही परग्रहावरचा वाटू नये.

शॅकचा मेन्यू तसा कधीच फारसा गोव्याचा नव्हता. तो पाहुण्याचा असे. इंग्रज येत तेव्हा टोस्टवर बेक्ड बीन्स असत. इस्रायली पोरं आली तशी हुमुस आणि शक्शुका आले. मोरजीला रशियन उतरले आणि पाट्या रशियन लिपीत लागल्या, वाडग्यात लालभडक बोर्श्त आलं. बनाना पॅनकेक तर केरीपासून पाळोळ्यापर्यंत. हे पदार्थ आले म्हणून गोवा बुडाला, अशी ओरड तेव्हा फारशी ऐकू आली नाही. आता त्याच खुर्चीत पुण्याचा, नागपूरचा, हुबळीचा माणूस बसलाय, तर शॅकवाला त्याला जे हवं ते वाढतोय. वडापाव परदेशी पाहुण्याच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसला. त्याने कुणाला उठवलं नाही.

खुर्ची रिकामी झाली हे मात्र खरं, आणि ते तुमच्या सरकारच्याच आकड्यांत दिसतं. 2019 मध्ये गोव्यात 9.37 लाख परदेशी आले होते. 2024 मध्ये आले 4.67 लाख, म्हणजे निम्मे. त्याच काळात देशी पाहुणे 71 लाखांवरून 99 लाखांवर गेले. शंभर पाहुण्यांमागे साडेअकरा परदेशी असत, ते साडेचारावर आले. 2024 च्या नोव्हेंबरात एका उद्योजकाने ही घसरण एक्सवर मांडली, तर पर्यटन खातं थेट पोलिसांत तक्रार घेऊन गेलं. त्याने दिलेले आकडे भलतेच फुगलेले होते, ते मान्य. पण रोग्याने ताप चुकीचा सांगितला म्हणून ताप नव्हताच, असं होत नाही.

युद्धाचं कारण मला अर्धंच पटतं. रशियन माणसाने फिरणं सोडलेलं नाही. 2024 मध्ये 17 लाखांहून जास्त रशियन एकट्या थायलंडला गेले. श्रीलंकेचं बघा. 2022 मध्ये तिथे पेट्रोलसाठी दिवस दिवस रांगा होत्या, लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात घुसले, राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. दोनच वर्षांनी, 2024 मध्ये, त्या देशात 20 लाखांहून अधिक परदेशी आले, म्हणजे 2019 पेक्षाही जास्त. थायलंडने 2024 च्या जुलैत 93 देशांच्या लोकांना 60 दिवस बिनव्हिसा राहायला मोकळीक दिली. त्याआधीच्या वर्षी व्हिएतनामने बिनव्हिसा मुक्काम 15 दिवसांवरून 45 दिवसांवर नेला होता.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी: बरंच काही गोव्याच्या हातात नव्हतं. 2009 च्या अखेरीस, दहशतवादी हेडलीचं प्रकरण उघडकीस आल्यावर, दिल्लीने नियम केला की पर्यटक व्हिसावरचा माणूस देशाबाहेर गेला की दोन महिने परत यायचं नाही. हिवाळाभर गोव्यात राहून मध्ये आठवडाभर श्रीलंकेला जाऊन येणाऱ्यांची वाट त्याने तोडली. 2012 मध्ये तो नियम बहुतेकांसाठी उठला, पण माणसाची सवय एकदा दुसरीकडे वळली की वळली. 2019 च्या सप्टेंबरात थॉमस कुक ही जुनी ब्रिटिश कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर गोव्याचे हजारो पाहुणे गेले. करोनानंतर ब्रिटिशांची ई-व्हिसाची सोय लगेच परत आली नाही. ती आली 2022 च्या डिसेंबरात, तोवर त्या मोसमातली कितीतरी बुकिंगं मोडली होती. ह्यातलं काहीही ना कळंगुट पंचायतीला थोपवता आलं असतं, ना आमदाराला.

पण लोबोसाहेब, मला राहून राहून वाटतं की आपण सगळेच चुकीची गोष्ट मोजतोय. आपण डोकी मोजतो. रात्री मोजायला हव्यात.

पूर्वी येणारा परदेशी कोण होता? 1987 मध्ये जर्मनीच्या कॉन्डोर कंपनीचं पहिलं चार्टर विमान दाबोळीला उतरलं. ('जागृत गोंयकारांची फौज' तेव्हा विरोधात उभी होती, आणि पाहुण्यांचं स्वागत शेणाने झालं होतं. आज त्याच पाहुण्यांसाठी आपण हळहळतोय, हा काळाचा महिमा.) हा चार्टरचा पाहुणा कांदोळी, कळंगुट, बागा, बाणावलीत उतरायचा आणि बहुधा दोन आठवडे राहायचा. दरवर्षी तेच हॉटेल, तोच शॅक. शॅकमध्ये जेवण वाढणाऱ्या पोराला मुलगी झाली की पुढच्या मोसमात तिच्यासाठी झबलं घेऊन येणारी इंग्रज म्हातारी हा किनाऱ्यावरच्या लोकांच्या बोलण्यातला नेहमीचा विषय. दुसरा पाहुणा हरमल, मांद्रे, पाळोळे, आगोंदचा. तो हॉटेलात कमीच. कुणाच्या तरी घरामागे काढलेल्या दोन खोल्यांतली एक तो महिन्याच्या भाड्याने घ्यायचा, दिवाळीनंतर यायचा आणि शिमगा झाला की जायचा. स्कूटर महिन्याच्या भाड्याने. भाजी नाक्यावरून, पाव सायकलवरच्या पोदेराकडून, कपडे शेजारच्या बाईकडे धुवायला. तो कंजूष असायचा, ही तक्रार जुनीच आहे आणि खोटी नाही. पण त्याने टाकलेला प्रत्येक रुपया गावात पडायचा, आणि बऱ्याचदा बाईमाणसाच्या हातात पडायचा. त्या दोन खोल्यांवर पोरं शिकली, घराची कौलं जाऊन स्लॅब आला.

तो पाहुणा सोन्याचा होता, असंही म्हणणार नाही. त्याच्याबरोबर अमली पदार्थ आले, काहींनी परकीय चलनाचा फेमा कायदा डावलून जमिनी घेतल्या, आणि काही ठिकाणी गोऱ्यांना आत घेऊन भारतीयाला दारातून परत पाठवल्याच्या तक्रारीही आपण ऐकल्या आहेत. त्या गोव्यासाठी मला अश्रू ढाळायचे नाहीत.

आता आजचा पाहुणा बघा. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालेली गाडी रविवारी संध्याकाळी आंबोली घाटात परतीच्या रांगेत असते. (ती रांग काय असते, ते आम्हा सावंतवाडीकरांना विचारा.) दोन रात्रींचा मुक्काम. चौदा रात्री राहणारा एक आणि दोन रात्री राहणारे सात, हे कागदावर सारखे दिसतात. पण सात जणांमागे सातदा चादरी धुवाव्या लागतात, सातदा टॅक्सी किंवा स्वतःची गाडी रस्त्यावर येते, कचरा त्याच मापात वाढतो, आणि सातांपैकी एकालाही गावातल्या कुणाचं नाव ठाऊक होत नाही. खोली ॲपवरून घेतलेली असते, व्हिला आसगावात असला तरी त्याचा मालक दिल्लीत किंवा गुरुग्रामात. अशी दुसरी घरं आणि व्हिले उठवायला भातशेतं आणि डोंगर कमी पडू लागले, तेव्हा नगरनियोजन कायद्यात 17(2) हे कलम आलं. त्याखाली जमिनीचा वापर बदलून देणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2025 च्या मार्चमध्ये रद्द केले. हा सगळा व्यवहार मुळात परदेशी पाहुण्यासाठी नव्हताच. तो आपल्याच देशातल्या पैसेवाल्या माणसाच्या हौसेसाठी होता. आणि ज्या हिरव्या शेतामागे बसून तो परदेशी चार महिने काढायचा, ते शेतच त्यात गेलं.

म्हणून डोकी 80 लाखांवरून एक कोटीच्या वर गेली, तरी हरमलच्या त्या दोन खोल्यांना गिऱ्हाईक नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पर्यटनमंत्री पहिलं सांगतात, गावातला माणूस दुसरं. त्यांचं भांडण कायम चालू राहतं, कारण दोघांची मापंच वेगळी.

इथवर मी वडापावाची बाजू मांडली. वडापाव खाणाऱ्याची मात्र मांडता येणार नाही, कारण तो आमच्यातलाच आहे. आमच्या घाटमाथ्यावरून, कोल्हापूर-बेळगावाकडून जथ्थ्याने येणारी पोरं किनाऱ्यावर काय करतात, हे कळंगुटच्या माणसाला मी काय सांगावं? दारूच्या बाटल्या वाळूत फोडतात. पोहायच्या कपड्यातली परदेशी बाई दिसली की मोबाइल वर काढतात, 'वन सेल्फी प्लीज' करत तिच्या खुर्चीभोवती कोंडाळं करतात, आणि ती नको म्हणाली तर तिलाच हसतात. एकदा झालं तर ती विसरेल. दिवसातून दहादा झालं की ती पुढच्या वर्षी श्रीलंकेतल्या मिरिस्साला जाते आणि मैत्रिणींनाही तेच सांगते. गोव्याच्या विधानसभेने 2019 मध्ये किनाऱ्यावर दारू पिण्याला आणि उघड्यावर स्वयंपाक करण्याला दंड लावला, 2025 मध्ये उपद्रवाचा दंड एक लाखापर्यंत नेला. ठीकच केलं. पण दंडाची पावती फाडणारा माणूस किनाऱ्यावर कुठे असतो, ते मला अजून दिसलेलं नाही.

आणि गोष्ट सेल्फीवर थांबत नाही. 2008 मध्ये हणजूणला एका ब्रिटिश शाळकरी मुलीचा जीव गेला. त्या खटल्यात उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं ते 2019 मध्ये. 2017 मध्ये काणकोणात एका परदेशी तरुणीचा खून झाला, त्याचा निकाल 2025 मध्ये लागला. ब्रिटनमधल्या आईबापांनी ही दोन्ही प्रकरणं वर्षानुवर्षं आपापल्या वर्तमानपत्रांत वाचली आहेत. त्यापुढे पर्यटन खात्याची जाहिरात काय टिकणार?

टॅक्सीबद्दल थोडक्यात. ओला-उबर गोव्यात नाहीत, गोवामाइल्स ही ॲपवरची टॅक्सीसेवा 2018 पासून आहे आणि तेव्हापासून भांडणही आहे. 2025 मध्ये ॲग्रिगेटरच्या नियमांचा मसुदा आला आणि टॅक्सीवाल्यांच्या विरोधाने मागे गेला. हप्त्याची गाडी, चार-पाच महिन्यांचा धंदा आणि हॉटेलच्या दाराशी दिवसभराची ताटकळ, ही टॅक्सीवाल्याची बाजू मला कळते. पण व्हिएतनामच्या सायगावात मोबाइलवर भाडं बघून गाडीत बसलेला माणूस गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरला की त्याला आपण फसतोय असंच वाटतं, मग भाडं वाजवी असो वा नसो. मीटर लावा, ॲप लावा, दोन्ही लावा. भाडं आधी कळलं की बाकीचं भांडण तुमचं तुम्ही सोडवा.

आता जे लिहायचं आहे ते जड मनाने लिहितो. 6 डिसेंबर 2025 च्या रात्री, आपल्याच मतदारसंघात, हडफड्याच्या एका नाइटक्लबमध्ये आग लागली आणि 25 माणसं गेली. बहुतेक तिथे राबणारी, दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली. मालक काही तासांतच विमानाने थायलंडला, फुकेतला निघून गेले. त्यांना तिथून परत आणावं लागलं. प्रकरण न्यायालयाचं आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण असा क्लब गावात उभा राहतो आणि चालतो, तेव्हा पंचायत, अग्निशमन, अबकारी, पर्यटन, सगळ्यांची दारं त्याच्यासाठी कधी ना कधी उघडलेली किंवा मिटलेली असतात. शॅक भाड्याने देणारा गोंयकार म्हणून आपण ज्याला दोष दिलात, तो ह्याच साखळीतला सगळ्यांत छोटा दुवा आहे. परवाना एकाच्या नावावर, गल्ला दुसऱ्याच्या हाती, राबणारा तिसराच, आणि अडचण आली की तिघांपैकी जो गरीब तोच सापडतो.

मी हे सगळं शेजारच्या जिल्ह्यातून का लिहितोय, असं आपल्याला वाटेल. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि मोपा तर आमच्या बांद्यापासून हाकेच्या अंतरावर. तारकर्लीला, देवबागला, वेंगुर्ल्याला आज जे चाललंय ते म्हणजे तीस वर्षांपूर्वीचं कळंगुट: घरामागच्या दोन खोल्या, मालवणी जेवण, घरच्याच बाईची देखरेख. आणि त्याच खोल्यांच्या शेजारची जमीन विकत घ्यायला मुंबई-पुण्याचा माणूस येऊन ठेपलाय. आमचे पुढारी तुमचे आकडे दाखवून आम्हाला सांगतात की बघा, गोव्यात एक कोटी आले, आपल्याकडेही येतील. त्या एक कोटीत नेमकं काय आलं आणि काय गेलं, हे आम्हाला आजच कळायला हवं, म्हणून तुमच्या हिशोबात नाक खुपसतोय.

म्हणून एक मागणं. आपण सत्ताधारी पक्षाचे आमदार आहात, स्वतः हॉटेलच्या धंद्यातले आहात, आपल्याला उत्तर टाळणं खात्याला सोपं जाणार नाही. विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न टाका. गोव्यात आलेला देशी पाहुणा सरासरी किती रात्री राहतो आणि परदेशी किती, हे तालुकावार द्या म्हणावं. खात्याकडे नोंद असलेल्या किती खोल्या आणि व्हिले गोव्यात राहणाऱ्या माणसाच्या नावावर आहेत आणि किती बाहेरच्यांच्या, ते सांगा म्हणावं. आणि ज्यांच्या नावावर शॅकचे परवाने निघाले, त्यांतले किती जण तो शॅक स्वतः चालवतात, हे मोसम चालू असताना, वाळूवर जाऊन तपासा म्हणावं. तिसऱ्या प्रश्नाने आपल्याच मतदारांतले काही नाराज होतील, ह्याची मला कल्पना आहे. पण तो मुद्दा काढलात आपणच.

उत्तर सभागृहाच्या पटलावर आलं की सावंतवाडीतही त्याची चर्चा होईल. वडापावाच्या गाडीवरच.



आपला,
सावंतवाडीचा एक शेजारी